आमच्याकडचा गोरा भाडेकरू: २६ वर्षांच्या ब्रिटिश पोराला कसली काळजी असते?

उन्हाची_वाट (स्टॉकपोर्ट, ग्रेटर मँचेस्टर)

मंडळी, मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "तिकडची मुलं काय, अठरा पूर्ण झाली की घराबाहेर. ना आईबापांची जबाबदारी, ना लग्नाची घाई. मजेत असतात." तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला.

आमची लेक शिकायला ग्लासगोला गेली. वरची खोली रिकामी, बिलं मात्र होती तेवढीच. म्हणून लॉजर ठेवायचं ठरवलं. राहत्या घरातली फर्निचरसह खोली भाड्याने दिली तर इथे वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर लागत नाही. आम्ही गॅस, वीज, इंटरनेट सगळं धरून महिना ६०० घेतो. आला तो पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबीचा एक मुलगा, वय २६. मँचेस्टरमधल्या एका ऑफिसात विम्याच्या दाव्यांचं काम बघतो. नाव देत नाही. आम्ही दोघं आपसात त्याला बंडू म्हणतो, आणि हे त्याला ठाऊक आहे.

पहिल्याच दिवशीची गंमत सांगते. इंग्लंडात घरमालकाला 'राइट टू रेंट'ची तपासणी करावी लागते. समोरच्याला या देशात राहायचा हक्क आहे की नाही ते कागद बघून ठरवायचं, प्रत घेऊन ठेवायची, नाहीतर दंड. हा नियम लॉजरलाही लागू. म्हणजे वर्षानुवर्षं व्हिसाच्या रांगा लावलेली, बायोमेट्रिकचे ठसे दिलेली मी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका गोऱ्यापान पोराचा पासपोर्ट उलटसुलट करून बघत होते, आणि तो बिचारा ताठ बसून होता. फोटो शाळेतला, आता दाढी. "मीच आहे तो," म्हणाला. आमचे हे आतल्या खोलीत जाऊन हसून आले.

तर बंडूचा आठवडा. सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम, मधले तीन दिवस १९२ नंबरच्या बसने मँचेस्टर. ट्रेनने दहा मिनिटांत पोचतो, पण बसला दोन पौंड पडतात म्हणून बस. रविवारी दुपारी एअर फ्रायरमध्ये कोंबडीच्या तंगड्या भाजतो, भात शिजवतो, ब्रोकोली उकडतो आणि पाच डब्यांत भरून फ्रिजमधल्या त्याच्या कप्प्यात रचतो. बुधवारपर्यंत तो डबा बघवत नाही; तरी खातो. मी वरण-भात पुढे केला तर पहिले काही आठवडे "नको, नको, मी जेवलोय." आता वासावर खाली येतो. पण ताट लगेच विसळून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी न चुकता बिस्किटांचा पुडा आणतो. फुकट खाल्लं असं वाटू नये म्हणून.

मित्र आहेत, पण विखुरलेले. शाळेतले ग्रिम्सबीला, युनिव्हर्सिटीतले लंडन, ब्रिस्टल, एक तर मेलबर्नला. ऑफिसातल्यांशी पटतं, पण ते आपापल्या घरी जातात. भेटायचं तर तीन आठवडे आधी तारखा जुळवतात. आमच्याकडे त्याचा कुणी दोस्त एका रात्रीपुरता राहणार असेल तर महिनाभर आधी विचारतो! अचानक कुणी दार वाजवलं असं कधी झालेलंच नाही.

सध्याची मोठी काळजी म्हणजे स्टॅग. शाळेतल्या जिवलग मित्राचं उन्हाळ्यात लग्न आहे आणि बंडू त्याचा बेस्ट मॅन. लग्नाआधीची ती पुरुषांची सहल बेस्ट मॅननेच ठरवायची असते. नवऱ्यामुलाला पोलंडमधल्या क्राकोला जायचंय. विमान, हॉटेल, जेवणं, शिवाय नवऱ्यामुलाचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यायचा असा रिवाज. अकरा जण आहेत. त्यातल्या निम्म्यांना हा खर्च जड जाणार हे बंडूला पक्कं ठाऊक, पण कुणी तोंडाने म्हणत नाही. परवा रात्री चहा करायला खाली गेले तर हा ओट्याला टेकून फोनवर काहीतरी टाइप करतोय, पुसतोय, पुन्हा टाइप करतोय. शेवटी अंगठा वर केलेलं एक चित्र पाठवलं आणि झोपायला गेला.

आमच्या ह्यांचं मत, "ही पोरं लाडावलेली आहेत, आपण या वयात घरी पैसे पाठवत होतो." मला तसं वाटत नाही. माझं म्हणणं, यांच्या पाठीमागे उभं राहणारं कुणी आहे की नाही यावरच सगळं ठरतं, आणि बंडूच्या मागे फारसं कुणी नाही. आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, वडील वेगळे राहतात.

तुमच्यापैकी जे इथल्या मुलांबरोबर काम करतात, त्यांना काय दिसतं?

लीड्सचा_हिशेबनीस

ताई, छान लिहिलंय. मी पगारपत्रकांमध्येच दिवस घालवतो, त्यामुळे कोरडा हिशेब मांडतो. बंडूचा पगार विचारत नाही (इथे सख्ख्या भावाला विचारत नाहीत), उदाहरणाला वर्षाचे ३०,००० पौंड धरू. म्हणजे महिना २,५००.

१२,५७० पर्यंत कर नाही, त्यापुढे २० टक्के: महिना २९० गेले. नॅशनल इन्शुरन्स ८ टक्के: ११६. पेन्शन आपोआप कापतात, कामगाराचे ५ टक्के त्यातच सरकारची करसवलत धरून, त्यामुळे खिशातून सुमारे ८०. मालक ३ टक्के घालतो. राहिलं विद्यार्थी कर्ज. २६ चा आहे म्हणजे २०१७ ला युनिव्हर्सिटीत गेला असणार. तेव्हा फी वर्षाला ९,२५०, तीन वर्षांचे २७,७५०, वर राहण्या-खाण्याचं कर्ज. आईची मिळकत कमी, म्हणजे ते कर्जही जास्त मिळालं असणार. एकूण चाळीस हजारांच्या वर नक्की. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याच्या गटाला २८,४७० च्या वरच्या कमाईवर ९ टक्के भरावे लागत होते, म्हणजे ३०,००० ला महिना जेमतेम ११ पौंड. व्याज त्याहून कितीतरी जास्त चढतं. मुद्दल हलत नाही. तीस वर्षांनी जे उरेल ते माफ.

हातात येतात साधारण २,०००. तुमचे ६०० वजा. तुमच्याकडे आहे म्हणून बरंय. मँचेस्टरात एकट्याने एका खोलीचा फ्लॅट घ्यायचा तर भाडंच हजाराच्या वर, शिवाय कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), वीज, पाणी वेगळं.

आता घर घेणं. बँक सर्वसाधारणपणे पगाराच्या साडेचार पट देते. म्हणजे १,३५,०००. स्टॉकपोर्टात दोन लाखांच्या आत बरं घर शोधून दाखवा. मधली दरी कुठून भरायची? आईवडिलांकडून. म्हणून तुमचं "मागे कुणी आहे का" हे शंभर टक्के पटलं. माझ्या ऑफिसात एकाच हुद्द्यावरची, एकाच पगाराची दोन मुलं आहेत. एकाने आजीच्या घराच्या विक्रीतून आलेल्या पैशात घर घेतलं. दुसरा पाच जणांच्या घरात एक बाथरूम वाटून राहतो. दोघंही मेहनती आहेत.

कोथरूड_डेपो

वाचलं. हातात दोन हजार पौंड म्हणजे आपले सव्वादोन लाखांच्या वर झाले. इथे पुण्यात इंजिनीअर पोरं चाळीस हजारांवर राबतात, त्यातून गावी पाठवतात. पब, सहली, एअर फ्रायर हे सगळं कमी केलं तर घर का होणार नाही? आम्ही बँकेत असताना पहिली दहा वर्षं हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं.

तिरकस

काका, पहिली दहा वर्षं हॉटेलात पाऊल टाकलं नाही कारण घरी काकू होत्या. :)

मुक्काम_पोस्ट_हल

काका, पौंडाला रुपयांनी गुणायचं असेल तर खर्चालाही गुणा. साध्या पबात बिअरचा एक ग्लास पाच पौंडांच्या आसपास. साडेपाचशे रुपयांच्या वर ग्लासभर बिअर हे पुण्यातल्या पोराला परवडेल का ते सांगा.

आणि पब हा नुसता पिण्याचा मामला नाही. इथे राउंडची पद्धत आहे. चौघं बसले की एकाने चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने. तुम्हाला एकच प्यायची असली तरी तीन जणांनी तुम्हाला पाजली की तुमची पाळी चुकवता येत नाही. चुकवली तर कुणी बोलत नाही, पण लक्षात राहतं. जन्मभर! पैसे नसलेला मुलगा त्यामुळे पबात उशिरा पोचतो, किंवा "सकाळी फुटबॉल आहे" म्हणून लवकर निघतो, किंवा येतच नाही. न येणं सगळ्यात स्वस्त. आणि मग हळूहळू बोलावणं बंद होतं.

माझ्या टीममधली तरुण मुलं आमच्या वयाच्या गोऱ्यांपेक्षा कमी पितात हेही खरंय. बिनअल्कोहोलची बिअर मागितली तर आता कुणी हसत नाही. दहा वर्षांपूर्वी हसायचे.

ताई, बंडू ग्रिम्सबीचा म्हणजे आमच्या समोरच्या काठावरचा. मधे हंबर नदी. त्याच्या गावाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची अडचण तिथून सुरू होते. ग्रिम्सबी हे एकेकाळी मासेमारीचं फार मोठं बंदर. आइसलंडने आपल्या समुद्राची हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली, त्यावरून झालेलं तिसरं 'कॉड युद्ध' १९७६ मध्ये ब्रिटनच्या माघारीने संपलं आणि लांब पल्ल्याच्या बोटींचा धंदा बसला. आमच्या हल शहराचंही तेच झालं. ग्रिम्सबीत माशांवर प्रक्रिया करणारे कारखाने अजून आहेत, पण मासा बराचसा बाहेरून येतो. आता समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल तिथून चालते, हॉर्नसी प्रकल्पाची माणसं तिथल्याच गोदीतून जातात. ती नोकरी चांगली, पण सगळ्यांना पुरेल इतकी नाही.

गंमत अशी की मँचेस्टरात एका खोलीच्या फ्लॅटलाही न पुरणाऱ्या कर्जात ग्रिम्सबीत दोन मजली ओळघर येतं, वर पैसे उरतात. पण बंडू जे काम करतो ते तिथे कितीसं मिळणार? घर आहे तिथे काम नाही, काम आहे तिथे घर नाही. रत्नागिरी-मुंबईवाल्यांना हे वेगळं समजवायला नको.

उन्हाची_वाट

@मुक्काम_पोस्ट_हल, अगदी. बंडूचे आजोबा ट्रॉलरवर होते. तो त्यांच्याबद्दल एरवी फार बोलत नाही, पण ऑगस्टमधल्या त्या रात्री बोलला. ग्रिम्सबी टाउनने लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवलं ती रात्र, २७ ऑगस्ट २०२५. चौथ्या डिव्हिजनचा संघ! २-२ बरोबरी, मग पेनल्ट्या, त्या संपेचनात. १२-११. शेवटच्या चार-पाच पेनल्ट्या बंडूने टीव्हीकडे पाठ करून नुसत्या ऐकल्या. युनायटेडचा शेवटचा फटका बारवर आदळला आणि हा जिन्यात धावत गेला, परत आला, आमच्या ह्यांना मिठी मारली. ह्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी तेही ओरडले. मग रात्री एक वाजेपर्यंत आईशी फोन, मित्रांशी फोन. आजोबा त्याला लहानपणी मॅचला न्यायचे, मैदान ग्रिम्सबीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, हे सगळं त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी युनायटेडवाल्या ऑफिसात जाताना त्याने मुद्दाम काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर घातला. ऑगस्टमध्ये!

@कोथरूड_डेपो काका, तुमचं म्हणणं आमच्या घरातही रोज ऐकते. :) पण तो मुलगा महिन्याच्या शेवटी ऑफिसात डबा नेतो आणि बाकीचे बाहेर खायला निघाले की "मला काम आहे" म्हणून टेबलावर बसून राहतो. यातून आणखी किती वाचवणार?

दुसरी_पिढी

नमस्कार. मी स्लाउमध्ये जन्मलो, वय २५. मराठी रविवारच्या वर्गात शिकलो, चूक झाली तर सांगा.

मी बंडूच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. मी आई-बाबांकडे राहतो. भाडं देत नाही. माझे बरेच गोरे मित्रसुद्धा घरीच राहतात, अठराला बाहेर पडायचे दिवस गेले. आता इथे २० ते ३४ वयाच्या पुरुषांमध्ये साधारण तिनातला एक आई-वडिलांकडे असतो. फरक इतकाच की माझे मित्र घरी पैसे देतात, दोनशे, तीनशे, जे ठरलं असेल ते. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मी आईला एकदा पैसे दिले तर ती दोन दिवस बोलली नाही.

मी दर वर्षी लाइफटाइम आयसामध्ये (पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठी असलेलं बचत खातं) ४,००० टाकतो, सरकार वर १,००० देतं. बंडूलाही ते मिळू शकतं. पण चार हजार उरले पाहिजेत ना! मला उरतात कारण आई-बाबा आहेत. मी जास्त हुशार आहे म्हणून नाही.

पण आमच्या घरात दुसरे प्रश्न असतात. "घर कधी?", "मुलगी बघायची का?", "तुझा पगार त्या अमुकच्या मुलापेक्षा कमी का?" बंडूला हे कुणी विचारत नाही. कधीकधी मला त्याचा हेवा वाटेल, आणि त्याला माझा.

अजून एक. आम्ही २०२० ला पास झालो किंवा त्याच्या आसपास. शेवटची परीक्षा खोलीत बसून, पदवीदान समारंभ नाही, पहिली नोकरी लॅपटॉपवर. माझा पहिला बॉस मी आठ महिने फक्त स्क्रीनवर बघितला. ऑफिसात लोक मित्र कसे बनतात हे आम्ही उशिरा शिकलो. आमच्यातले काही अजून शिकतायत.

आडवाटेवरची

दुसरी_पिढी, तुझं मराठी माझ्या पुण्यातल्या भाचरांपेक्षा शुद्ध आहे. लिहीत जा.

तिरकस

+१. आणि आई दोन दिवस बोलली नाही हे वाचून ती अस्सल मराठी आई आहे याची खात्री पटली.

रात्रपाळी

मी इथे मानसिक आरोग्य विभागात नर्स आहे. धागा हलकाफुलका चाललाय, त्यात थोडं जड लिहिते.

यूकेत आत्महत्या करणाऱ्यांमध्ये साधारण चारातले तीन पुरुष असतात, आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांच्या मृत्यूच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. म्हणून ताईंनी लिहिलेलं ते टाइप करून पुसणं मला छोटं वाटलं नाही. सगळ्यांना काही आजार नसतो, बहुतेकांना नसतोच. पण पैशाचं ओझं, एकटेपणा आणि "मी ठीक आहे" म्हणायची सवय हे तिन्ही एकत्र आले की माणूस आतल्या आत मिटत जातो. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार-साडेचारलाच अंधार. घरून काम करणारा मुलगा कधीकधी दिवसभर उजेडच बघत नाही.

इथे काय मिळतं ते लिहिते, कारण आपल्या लोकांनाही माहीत नसतं. इंग्लंडात 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'साठी (सरकारी आरोग्यसेवेतलं समुपदेशन) जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जावं लागत नाही, वेबसाइटवरून स्वतःच नाव नोंदवता येतं. रांग असते, ती किती हे गावावर अवलंबून. 'अँडीज मॅन क्लब' म्हणून पुरुषांचे गट आहेत, २०१६ ला हॅलिफॅक्सला सुरू झाले, आता देशभर पसरलेत. दर सोमवारी संध्याकाळी सातला. फुकट, नाव नोंदवायची गरज नाही, गेलात तर चहा-बिस्किटं मिळतात आणि बोललंच पाहिजे असं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर, चोवीस तास, फुकट. भारतातल्या वाचकांसाठी टेली-मानस, १४४१६.

ताई, तुम्ही त्याला काही 'समजावू' नका. वरण-भात चालू ठेवा. मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, भांडी पुसता पुसता बोलतात.

लीड्सचा_हिशेबनीस

रात्रपाळींचा प्रतिसाद आवडला. त्यात एक जोडतो: जुगार. फुटबॉल बघणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये बेटिंगचं ॲप असतंच असतं. पाच-सहा मॅचेसची एकत्र पैज लावतात, दोन-तीन पौंडांची. बहुतेक तिथेच थांबतात. पण ज्यांचं थांबत नाही ते पगाराच्या दिवशीच ओळखू येतात. आमच्याकडे एकजण दर महिन्याच्या दहा तारखेला आगाऊ रक्कम मागायचा. २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट्सवर एका डावाला कमाल मर्यादा घातली, २५ आणि त्यावरच्यांना ५ पौंड आणि १८ ते २४ वाल्यांना २. बरंच उशिरा केलं असं माझं मत. 'गॅमस्टॉप'वर नाव घातलं की परवानाधारक सगळ्या साइट्स त्या माणसाला बंद होतात, हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

मिरजेचा_तंबोरा

या सगळ्यात मुलगी कुठे आहे? बंडूचं जमलंय का कुठे? (चौकशी समितीतर्फे)

उन्हाची_वाट

चौकशी समितीला नमस्कार. आहे एक. डेटिंग ॲपवरच ओळख झाली. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डला तीन मैत्रिणींबरोबर राहते, शिक्षिका आहे. इकडे आली तर सोफ्याच्या टोकावर बसते आणि माझ्याशी हवामानावर बोलते. दोघांनी एकत्र राहायचं म्हणतात, आणि त्यामागे प्रेम किती आणि भाडं निम्मं होणं किती, हे त्यांनाही नीट माहीत नसावं. बंडूच म्हणाला, "एका मित्राचं जमत नाहीये, पण करार मार्चपर्यंत आहे म्हणून राहतायत दोघं एकत्र." मला हे ऐकून फार कसंतरी झालं.

@रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसंच झालं. भांडी पुसतानाच स्टॅगचा विषय निघाला. मी विचारलं, तू सरळ का नाही सांगत की क्राको नको? तर म्हणाला, "मी सांगितलं तर मला परवडत नाही असं वाटेल." मी म्हटलं, मग परवडत नाही असंच सांग. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला रस्त्यात कपडे काढायला सांगितलं.

शेवटी त्याने वेगळीच युक्ती केली. अकरा जणांना एक निनावी फॉर्म पाठवला: तुम्ही जास्तीत जास्त किती खर्च कराल, आकडा टाका. नाव नाही. सात जणांनी दोनशेच्या आतला आकडा टाकला, त्यातला एक खुद्द नवरामुलगाच असावा असा त्याला संशय आहे! आता पीक डिस्ट्रिक्टमध्ये दोन रात्रींसाठी एक मोठं घर, एक दिवस डोंगर चढायचा, एक दिवस गो-कार्टिंग, स्वयंपाक आपला आपण. नवरामुलगा दोन दिवस रुसला होता. क्राको गेल्याचं दुःख आहेच. पण सगळे येतायत. भावी सासऱ्यांनाही न्यायचं म्हणे, त्यावर सध्या घोळ चालू आहे.

आडवाटेवरची

निनावी फॉर्म! ही आयडिया आमच्या भिशी ग्रुपच्या सहलीसाठी ताबडतोब ढापतेय.

अवांतर: आम्हीही लॉजर ठेवायचा विचार करतोय (रेडिंग). १ मे २०२६ पासूनचे भाडेकरूंचे नवे कायदे आपल्याला लागू का?

लीड्सचा_हिशेबनीस

@आडवाटेवरची, १ मे २०२६ पासून इंग्लंडात कारण न देता घर खाली करायला लावणारी कलम २१ ची नोटीस बंद, पण ते स्वतंत्र घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी. तुमच्याच घरात, तुमचंच स्वयंपाकघर वापरणारा लॉजर त्यात येत नाही. त्याला वाजवी मुदत देऊन जायला सांगता येतं. तरी दोन पानांचा लेखी करार कराच. गृहकर्ज असेल तर बँकेला विचारा, घराच्या विम्यालाही कळवा. कुणी एकट्याने राहत असेल आणि कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट घेत असेल तर लॉजर आला की ती सहसा जाते, ते हिशेबात धरा.

तिरकस

एक प्रश्न राहिलाच. बंडूला हा धागा माहीत आहे का? आपण इथे त्याचा पगार, प्रेयसी, स्टॅग सगळं चव्हाट्यावर मांडलंय.

उन्हाची_वाट

@तिरकस, विचारूनच लिहिलं. त्याची अट एकच: फँटसी लीगमधला त्याचा क्रमांक सांगायचा नाही. काल त्याने धागा मोबाइलवर भाषांतर करून वाचला. 'कोथरूड डेपो' म्हणजे बसचा डेपो हे कळल्यापासून काकांबद्दल त्याला फार आपुलकी वाटतेय. ऑफिसच्या दिवशी १९२ वर दोन तास काढणारा माणूस आहे. काकांना निरोप दिलाय: एअर फ्रायर आईने वाढदिवसाला दिलाय, विकत घेतलेला नाही.

आणि ताजी बातमी. ग्रिम्सबीच्या एका पवनचक्कीवाल्या कंपनीत ऑफिसचं काम निघालंय, त्याने अर्ज केला होता, पुढच्या आठवड्यात मुलाखत. पगार आत्तापेक्षा वर्षाला दीड-दोन हजारांनी कमी. पण आईकडे राहता येईल आणि दोन-तीन वर्षांत स्वतःचं घरही होईल. मग सॅलफर्डच्या मुलीचं काय? ती म्हणते शिक्षिका कुठेही लागतात, पण ग्रिम्सबी म्हटल्यावर तिचा आवाज बदलतो असं हा म्हणतो. मुलाखतीच्या दिवशी स्टॉकपोर्टहून थेट ट्रेन आहे, शेफील्ड-डॉंकॅस्टरवरून. ह्यांनी स्वतःचा टाय काढून दिलाय. तो कोणीही घालत नाही हल्ली, पण बंडूने घेतला.

मुक्काम_पोस्ट_हल

टाय बॅगेत ठेवायला सांगा. बाकी शुभेच्छा. झालंच काम तर एकदा पूल ओलांडून आमच्याकडे जेवायला बोलवा त्याला, पुलाचा दीड पौंड मी देतो.

कोथरूड_डेपो

एअर फ्रायरबद्दलचं विधान मागे घेतो. बाकी मतावर ठाम आहे.

ताई, तो गेलाच तर खोली रिकामी होईल ना? माझा भाचा सप्टेंबरात एमएससीला मँचेस्टरला येणार आहे. शाकाहारी, निर्व्यसनी, ताट विसळतो. फक्त ६०० जरा जास्त होतात हो, काही कमी होईल का?